पाठीवर लाल फुलं असलेला साप, नेटवरच्या फोटोत लाल दिसतच नाही... मग आमच्याकडचा कुठला?

जांबोटी_आक्का

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं, चोर्ल्याच्या रस्त्यावरनं आत गेलं की. घर जुनं आहे, मातीच्या भिंती, खानापूरची कौलं, मागच्या दाराला मोठा फणस आणि त्याला लागूनच काजूची बाग. परवा दुपारी मी चुलीत आठळ्या भाजत होते, तेवढ्यात पडवीच्या पत्र्यावर टप्पकन काहीतरी पडलं. वाटलं कच्चा फणस गळला असेल, म्हणून लक्ष दिलं नाही, पण मग पत्र्यावर सर्रर्र आवाज आला आणि बघते तर साप, तो पत्र्यावरनं सरळ वाशावर आणि वाशावरनं कौलाच्या फटीत. दोनच मिनिटांनी परत बाहेर आला तेव्हा तोंडात पाल. पालीला मानेजवळ धरलेलं, तिची शेपटी तुटून खाली ओट्यावर वळवळत होती आणि हा वर निवांत तिला गिळत बसला. मी अगदी चार-पाच हातांवर उभी होते म्हणून नीट बघता आला.

अंग बारीक, लांब, साडेतीन फूट तरी असेल. हिरवट पिवळा रंग, पण नुसता हिरवा नाही, प्रत्येक खवल्याला काळी कड आणि मधेही काळी रेघ, त्यामुळं जाळी विणल्यासारखं दिसत होतं. डोकं चपटं, काळं, त्यावर पिवळे आडवे पट्टे. आणि पाठीवर मधोमध ओळीनं लाल ठिपके, एकेक ठिपका चार पाकळ्यांच्या फुलासारखा. खोटं नाही सांगत, इतका देखणा साप मी जन्मात बघितला नव्हता.

भावजी काठी घेऊन आले होते. शेजारचे तात्या म्हणाले हा उडता साप, झाडावरनं येतो आणि टाळूवर मारतो, माणूस पाणीसुद्धा मागत नाही. मी मारू दिला नाही. गेल्या वर्षी ह्याच फणसाखाली असाच एक मारला होता आणि कुंपणावर टाकला होता, पावसात दोन दिवस तो तिथंच होता, त्याची ती लाल फुलं हळूहळू विटत गेलेली मी येता-जाता बघितली होती, ते डोक्यातनं जात नाही.

आता प्रश्न असा की मुलानं मोबाईलवर उडता साप म्हणून शोधलं तर जे फोटो आले ते सगळे हिरवे-काळे, लाल कुठंच नाही. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर एकजण म्हणाला हा थायलंडकडचा साप आहे, लाकडाच्या ट्रकमधनं आला असणार, दुसरा म्हणाला लाल असेल तर तो जास्त विषारी. ह्याचं नाव काय, विष आहे का, हा आपल्याकडचाच की बाहेरचा, आणि त्या लाल रंगाचं काय ते कुणी माहीतगार सांगेल का? घरात सासूबाई आणि दोन लहान पोरं आहेत म्हणून जरा काळजी.

कणकुंबीचा_पाऊस

आक्का, आधी मारू दिला नाहीत त्याबद्दल मनापासून आभार. आणि वर्णन इतकं नेमकं केलंय की फोटो बघायची गरजच नाही. हा उडता सोनसर्प. आपल्या भागातले कानडी लोक हारुव हावु म्हणतात, म्हणजे उडणारा सापच. शास्त्रीय नाव क्रायसोपेलिया ऑर्नाटा, १८०२ साली शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं ते दिलं. ऑर्नाटा म्हणजे सजवलेला, आणि तुम्ही ती पाठीवरची फुलं बघितलीतच, त्यामुळं नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको.

तर पहिली गोष्ट, तो थायलंडचा नाही आणि ट्रकमधनंही आलेला नाही, तो तुमच्या फणसावरचाच. थायलंडमध्येही हीच जात आहे हे मात्र खरं, आणि सगळा घोळ तिथंच होतो. ह्या सापाचा मुलूख फार मोठा आहे. आपला पश्चिम घाट, म्हणजे केरळपासून कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग, आंबोली वगैरे, मग श्रीलंका. मधला सगळा कोरडा दख्खनचा पट्टा सोडला की पुन्हा ओडिशा, बंगाल, ईशान्य भारत, आणि तिथनं बांगलादेश, म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, थेट दक्षिण चीनपर्यंत, खाली मलेशियापर्यंत. एवढ्या लांबवर एकच जात पसरलेली म्हटल्यावर सगळीकडं कपडे सारखे कसे असतील? घाटातल्या आणि श्रीलंकेतल्या सापांच्या पाठीवर लाल किंवा नारिंगी फुलं असतात, दोन काळ्या आडव्या पट्ट्यांच्या मधे एकेक. थायलंड-व्हिएतनामकडच्या सापांमध्ये बहुतेकदा लाल नसतोच, नुसती पिवळट हिरव्यावर काळी जाळी. आणि नेटवर फोटो सगळ्यात जास्त तिकडचे, कारण तिकडं तो शहरातल्या बागांमध्येसुद्धा सहज दिसतो. म्हणून तुमच्या मुलाला लाल सापडला नाही.

लाल म्हणजे जास्त विषारी हे साफ चुकीचं. रंगावरनं विष ठरवायला गेलो तर आपल्याकडं फार फसगत होते. आमच्या चोर्ला घाटातला चापडाच घ्या, मलबार पिट वायपर म्हणतात तो, एकाच ओढ्याला एक हिरवा, एक पिवळा, एक तपकिरी असा बघितलाय मी, जात एकच आणि विषही एकच. रंगापेक्षा डोक्याचा आकार, डोळा, खवले, चाल हे बघायचं. सोनसर्पाचं डोकं चपटं आणि मानेपासून वेगळं कळतं, डोळे मोठे, बाहुली गोल, कारण तो दिवसा शिकार करणारा साप. पाली, सरडे, कधी वटवाघूळ, छोटे पक्षी, उंदराची पिल्लं हे त्याचं खाणं. पाल मानेजवळ धरली होती म्हणालात ना, त्याची पद्धतच ती, मानेवर पकडायचं आणि जबडा दाबून ठेवायचं.

विषाचं म्हणाल तर मागच्या दातांचा, म्हणजे विषाचे दात जबड्यात मागं असलेला, सौम्य विषाचा साप आहे, पालीला पुरेल एवढं, माणसाला त्यानं काही होत नाही. चिडला तर चावतो मात्र नक्की, लाजरा नाही हा, त्यामुळं हात लावायला जाऊ नका. आणि टाळूवर मारतो ही गोष्ट आमच्या आजीनं हरणटोळाबद्दल सांगितली होती, तात्यांनी ती सोनसर्पाला लावली. दोघांपैकी कुणीच असं करत नाही. माणसाच्या डोक्यावर उडी मारून त्याला मिळणार काय? तो पालीमागं असतो नाहीतर घारीपासून पळत असतो.

निपाणीकर_९

मी हे वाचूलालो आणि मला आश्चर्यच वाटूलालंय, कारण आम्ही एकाच जिल्ह्यातले आणि मी हा साप अख्ख्या आयुष्यात बघितलेला न्हाई. आमच्याकडं तंबाखूच्या रानात नाग, घोणस दर वर्षाला, धामण तर उंदरामागं गोडाऊनमध्येच राहते, विहिरीला दिवड, माळावर दगडाखाली फुरसं. माझी बहीण अथणीकडं दिली हाय, तिकडंबी तेच. हिरवा म्हणून बघितला तो फक्त हरणटोळ आणि तोबी आंबोलीला फिरायला गेलो तवा. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये एवढा फरक कसा काय?

कणकुंबीचा_पाऊस

निपाणीकर अण्णा, प्रश्न लई चांगला काढलात. आपला जिल्हा म्हणजे एका टोकाला पावसाळा आणि दुसऱ्या टोकाला उन्हाळा असं आहे. कणकुंबीला मलप्रभा उगमते, तिकडं म्हादईचं खोरं, भीमगडचं जंगल, जूनपासून इतका कोसळतो की दारातली चप्पल वाळत नाही. आणि अथणी-रायबागला जुलैतसुद्धा लोक आभाळाकडं बघत बसतात. सोनसर्पाला सलग उंच झाडी लागते, एका झाडावरनं दुसऱ्या झाडावर जाता आलं पाहिजे, वर सालीच्या फटीत, ढोलीत पाली-सरडे पाहिजेत. तुमच्याकडं रान उघडं, बांधावर चार बाभळी, तिथं तो जगणार कसा? उलट फुरसं कोरड्या खडकाळ माळाचं, ते तुमच्याकडं मजेत राहील आणि आमच्या आतल्या ओल्या रानात मला आजवर दिसलेलं नाही.

ढोबळ मानानं खानापूर सोडून पूर्वेला बैलहोंगलकडं निघालात की जिथं घरामागचे फणस, सुपारी, काजू संपतात आणि जोंधळा, कापूस सुरू होतो तिथं ह्या सापाचा मुलूख संपला असं धरायला हरकत नाही. मग एकदम हजार किलोमीटर ओलांडून ओडिशाकडं पुन्हा चालू. मला हे नेहमी फार विलक्षण वाटतं, की आपल्या जांबोटीचा साप आणि व्हिएतनामचा साप एकच, पण जांबोटी आणि अथणीचा एक नाही.

आणि एक सांगायचं राहिलं, कोरड्या भागात ह्या कुळातलं कुणीच नाही असंही नाही. श्रीलंकेत ह्याचा एक भाऊबंद आहे, क्रायसोपेलिया टॅप्रोबानिका, तो फक्त श्रीलंकेतच मिळतो असं सगळे धरून चालले होते आणि २०१५ मध्ये तो आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरात असल्याची नोंद प्रसिद्ध झाली. तिरुपतीला दर वर्षी आपल्याकडनं किती लोक जातात, त्याच डोंगररांगेत. ह्या कुळात सगळ्या मिळून पाचच जाती आहेत, त्यातल्या एकीचं घर एवढ्या वर्दळीच्या डोंगरात आणि इतकी वर्षं पत्ता नाही.

आदिती_मूळची_शहापूरची

मी आता बेळगावात नसते पण हा धागा बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही चार वर्षं बँकॉकजवळ राहिलो. तिथं आमच्या सोसायटीच्या बागेत हा साप नेहमी दिसायचा, पावसाळ्यात तर महिन्यातनं दोनदा. तिथले लोक बागेच्या पाण्याच्या पाईपकडं बोट दाखवून हसत सांगायचे तो बघा आलाय, अगदी आपण मांजराबद्दल सांगतो तसं. कणकुंबीवाल्या दादांनी म्हटलंय तसंच, लाल अजिबात नाही, पिवळसर हिरवा आणि काळी जाळी.

तिकडं टोके म्हणून एक दांडगी पाल असते, वीतभर तर सहज, निळसर अंगावर नारिंगी ठिपके, रात्री स्वतःचंच नाव घेऊन ओरडते. एकदा सकाळी आमच्या गॅलरीच्या भिंतीवर साप आणि टोके एकमेकांना पकडून बसलेले बघितले, सापानं टोकेची मान धरलेली आणि टोकेनं सापाच्या अंगाला चावा घेतलेला, दोघंही सोडायला तयार नाहीत. पाऊण तास मी मुलाची शाळेची बस चुकवून तेच बघत उभी होते. शेवटी टोके ढिली पडली आणि सापानं तिला डोक्याकडनं गिळायला घेतलं.

तिथं असताना मला वाटायचं हा सगळा परदेशातला प्रकार. माझं माहेर शहापुरात, आजोळ नागरगाळीला, लहानपणी मे महिन्याची सगळी सुट्टी तिथं काढली आणि हाच साप माझ्या आजोळच्या झाडांवर असतो हे मला आत्ता चाळिशीत कळतंय. आज आईला फोन करून विचारलं तर ती म्हणाली, अगं असायचा की, फुलाफुलांचा, तुझे आजोबा त्याला काही करू द्यायचे नाहीत.

टिळकवाडी_मास्तर

उडतो म्हणजे नेमकं काय करतो ह्यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी पंचवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं, मुलांना हा विषय निघाला की तास संपूच नये असं वाटायचं.

खरं तर तो उडत नाही, तरंगत खाली येतो. खालनं वर जाता येत नाही. आधी फांदीच्या टोकाला जातो, शेपटीनं फांदी धरून पुढचं अंग खाली सोडतो, मग तेच अंग वर वळवून आकड्यासारखा आकार करतो आणि झटक्यात स्वतःला पुढं फेकतो. हवेत गेल्या गेल्या बरगड्या फाकवतो, मानेपासून शेपटीच्या सुरवातीपर्यंतचं अंग चपटं होतं, रुंदी जवळपास दुप्पट. आणि पोट आतल्या बाजूला खोलगट होतं. आक्का, तुमच्या जुन्या घरावर नळीची कौलं असतील तर एक पालथं कौल डोळ्यांसमोर आणा, वरनं फुगीर आणि खालनं पोकळ, सापाचं अंग आडवं कापून बघितलं तर साधारण तसं दिसेल. हवा त्या पोकळीखाली अडते आणि साप दगडासारखा खाली न पडता पुढं सरकत जातो.

आता गंमत पुढं आहे. हवेत तो सरळ ताठ राहत नाही, पाण्यात पोहतो तसा नागमोडी हलत राहतो. पुष्कळ वर्षं असं वाटायचं की साप जमिनीवर वळवळतो तसाच सवयीनं हवेत वळवळत असणार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या लोकांनी चार मजली उंच हॉलमध्ये ह्याच कुळातल्या पॅराडाईज जातीच्या सापांना उडी मारायला लावली, अंगावर चमकणाऱ्या खुणा चिकटवून कॅमेऱ्यांनी प्रत्येक हालचाल टिपली आणि मग कॉम्प्युटरवर तसाच साप तयार करून त्याची वळवळ बंद करून बघितली. वळवळ बंद केली की साप हवेत कलंडायला लागायचा. म्हणजे ती वळवळ तोल सांभाळायला आहे. हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. पॅराडाईज जात मलेशिया-इंडोनेशियाकडची आणि तरंगण्यात सगळ्यात पटाईत, आपला सोनसर्प त्या मानानं जड अंगाचा, त्यामुळं एवढं लांब जात नाही, पण फणसाच्या शेंड्यावरनं तुमच्या पत्र्यापर्यंत यायला त्याला काहीच कष्ट पडले नसतील.

चढण्याचंही बघण्यासारखं आहे. पोटाच्या पट्ट्यांना दोन्ही कडेला घडी असते, त्यानं सालीतल्या बारीक खाचा धरता येतात. सरळसोट सुपारीवर विळखा न घालता वर जाताना मी स्वतः बघितलाय, आमच्या मामाच्या वाडीत कणकुंबीच्या खाली, तेव्हा मी दहावीत होतो आणि मामा म्हणाला होता, बघ, शिडी नाही की दोर नाही.

सिस्टर_खानापूर

मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली, सापाचे पेशंट दर पावसाळ्यात बघते म्हणून थोडं लिहिते. सोनसर्प चावला म्हणून कुणी गंभीर झालेलं मी आजवर बघितलं नाही, जागेवर थोडी सूज, खाज, रक्ताचे एक-दोन थेंब, बस्स. साबणानं धुवायचं. पण आक्का, कृपा करून हे लक्षात ठेवा की चावला तेव्हा अंधार असतो, माणूस घाबरलेला असतो, कुणी म्हणतं हिरवा होता कुणी म्हणतं काळा. ओळख शंभर टक्के नसेल तर घरी थांबायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात. मंत्र, पाला, ब्लेड मारणं, दोरीनं करकचून बांधणं ह्यातलं काही करायचं नाही, चावलेला हात-पाय हलवू न देता आणायचं.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ह्या चारांवर चालते आणि डॉक्टर ती लक्षणं बघून देतात. साप मारून पिशवीत घालून आणायची काहीएक गरज नसते. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला एक पोरगा आला, वडील आणि काका दोघं आले ते अर्ध्या तासानं, कारण ते साप शोधून मारत बसले होते. पिशवीतनं काढला तो हाच फुलाफुलांचा साप, आणि पोराच्या डोळ्यांच्या पापण्या पडायला लागलेल्या. म्हणजे चावली होती मण्यार, जमिनीवर झोपलेलं पोर, आणि मारला कुठला तर दाराजवळच्या पेरूवर झोपलेला गरीब सोनसर्प. रात्री तो झोपतो हो, तो दिवसाचा साप. लक्षणं बघून लस दिली म्हणून पोर वाचलं. मी तो साप मागच्या आवारात नेऊन पुरला, टाकवेना.

म्हणून पोरांना खाटेवर झोपवा, मच्छरदाणी चारी बाजूनं गादीखाली खोचा. भीती बाळगायची असेल तर मण्यारीची, आणि ती वाशावर नाही, जमिनीवर रात्री फिरते.

जांबोटी_आक्का

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. सिस्टर, तुमचं वाचून आज रात्रीपासून पोरांची गादी खाटेवर घातली. मास्तर, नळीचं कौल काढून पोराला पालथं धरून दाखवलं, तो आता दिवसभर तेच कौल घेऊन अंगणात पळतोय. तात्यांनाही सगळं वाचून दाखवलं. ते आधी काही बोलले नाहीत, मग म्हणाले असेल बाबा, पण आमच्या लहानपणी कुणी असं बसून सांगितलं नव्हतं.

अजून एक विचारायचंय. आज माळ्यावरनं सुकवलेली आमसुलं काढायला गेले तर वाशाला एक कात अडकलेली मिळाली, जवळजवळ अखंड आहे. ती ह्याचीच का ते कळेल का? रंग काहीच नाही तिला, पांढरी पारदर्शक. भावजी म्हणतात रुखईची असेल, ती पण आमच्याकडं येते, तपकिरी पाठीची, तीसुद्धा झाडावरचीच.

कणकुंबीचा_पाऊस

कळेल की. कातीला रंग येत नाही, ती फुलं कातडीच्या आत राहतात, वरचा पापुद्राच तेवढा निघतो, पण खवले जसेच्या तसे असतात. आधी हे लक्षात घ्या की कात मोजा काढल्यासारखी उलटी निघते आणि ताणली जाते, म्हणून लांबी मोजून काही ठरवू नका. बरोबर मधला भाग घ्या, थोडी ओली करा म्हणजे फाटणार नाही, पोटाचे रुंद पट्टे असतात त्यावरनं उभी कापून उजेडाला खिडकीच्या काचेवर पसरा. मग पोटाच्या पट्टीच्या एका कडेपासनं तिरपं वर चढत पाठीवरनं दुसऱ्या कडेपर्यंत खवले मोजा. सोनसर्पाला मधोमध १७ ओळी येतात. रुखईला १५, आणि रुखईच्या पाठीच्या बरोबर मध्यावरची ओळ बाकीच्यांपेक्षा ठळक मोठी असते, लगेच डोळ्यात भरते. सोनसर्पाची मधली ओळ इतरांसारखीच. पोटाच्या पट्ट्यांची ती कडेची घडी दोघांनाही असते, त्यावर जाऊ नका.

जांबोटी_आक्का

मोजले. मी दोनदा, पोरानं एकदा आणि तात्यांनी चष्मा लावून एकदा. १७. मधली ओळ सगळ्यांसारखीच आहे. कात वहीच्या दोन पानांमध्ये ठेवलीय, पोरानं वर लिहिलंय उडता सोनसर्प, आमचा फणस. तात्या विचारत होते की दिवसाचा साप आहे तर रात्री ह्याच फणसावर झोपतो की दुसरीकडं जातो, उद्या अंधार पडायच्या आधी बघायला येणार आहेत.